ओटीतला शंख

तू फक्त ऐक. मध्ये काही विचारू नकोस, कारण मी एकदा थांबले ना तर परत सुरू करायला जमणार नाही मला.

सकाळचे सात-साडेसात झाले असतील आणि आम्ही तिघी खडपावरून परत येत होतो. खडप म्हणजे आमच्या वाडीसमोरचा समुद्रातला काळा खडक, भरतीला पाण्याखाली असतो, ओहोटीला उघडा पडतो, मग बायका कालवं काढायला जातात. पुढे आई, मध्ये वहिनी, मागे मी. वहिनीने साडीची ओटी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरलेली, जशी काय आत मांजराची पिल्लं आहेत. आणि चालता चालता ती हसत म्हणाली, "आई, काहीतरी टोचतंय आत."

आईने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. "टोचूंदे. घराक जाईपर्यंत उघडू नको."

समोरून सुलूमावशी टोपली घेऊन येत होती. तिने ऐकलं आणि म्हणाली, समुद्राचं पोर आहे, लाथा मारणारच, आतापासून सवय कर. सगळ्या हसल्या. सगळ्यात जास्त वहिनी हसली. मीसुद्धा हसले गं.

आता ही ओटी काय ते सांगते. आमच्या वाडीत नवी सून आली की पहिल्या मोठ्या ओहोटीला सासू तिला खडपावर नेते. जो पहिला जिवंत शंख सापडेल तो सासू आपल्या हाताने सुनेच्या ओटीत घालते, वर चिमूटभर तांदूळ, आणि सुनेने ती ओटी तशीच बंद धरून घरी यायचं. वाटेत उघडायची नाही, आत डोकवायचं नाही. घरी देवासमोर मोकळी करायची. झालं, मग ती वाडीची. त्यानंतर तिला कोणी बाहेरची म्हणत नाही.

आणि कांचनवहिनी म्हणजे पार बाहेरची. घाटावरची, आजऱ्याची, नर्स. दादाचा हात बोटीवर दोरात सापडला होता तेव्हा तो कोल्हापूरला बारा दिवस ॲडमिट होता, हात घेऊन परत आला आणि महिन्याभराने म्हणाला लग्न करीन तर त्या नर्सशी. आईने दीड वर्ष लावलं हो म्हणायला. लग्न झालं माघात, त्यानंतरही आई तिच्याशी कामापुरतंच बोलायची. तिला मासा कापता यायचा नाही, भाकरी थापायची ती ज्वारीची. आणि त्या दिवशी पहाटे आई स्वतःहून म्हणाली, ऊठ गो, खडपावर जाऊया. वहिनीला रडूच आलं. तिने चुलीच्या धुराचं निमित्त केलं, आणि आमच्याकडे तेव्हा गॅस होता.

म्हणून सांगतेय, टोचलं तरी ती ओटी उघडणार नव्हती. सुरी टोचली असती तरी नाही.

शंख सापडला कसा ते ऐक. आई एक धोंडा उलटत होती, त्याच्याखाली वाळूत तो अर्धा गाडलेला. वितीएवढा नाही पण माझ्या करंगळीपेक्षा लांब, आइस्क्रीमच्या कोनासारखा निमुळता, पांढऱ्यावर तपकिरी जाळी, जशी कोणी बारीक ब्रशने काढलीय. असा आमच्या खडपावर आईनेसुद्धा कधी बघितला नव्हता. तिने तो उचलला, उलटा केला, माझ्याकडे बघितलं. मग वहिनीच्या ओटीत घातला. एवढंच झालं.

घरी येईपर्यंत वहिनी गप्प झाली होती. मला वाटलं दमली. अंगणात तिने जिभेने ओठ चाटले, परत चाटले, आणि मला हळूच म्हणाली की ओठ जड झालेत, दातवाल्याने इंजेक्शन दिल्यावर होतात तसे. आई आत देवाजवळ समई लावत होती. वहिनी उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "आई, दोन दोन समया दिसतायत."

आई म्हणाली, उपाशी आहेस म्हणून. ये, बस.

ती बसली. ओटी सोडली. तांदूळ सांडले आणि त्यात तो शंख, आणि त्याच्या निमुळत्या टोकाकडून एक नळी बाहेर आलेली, पातळ, पांढरट, आणि ती नळी तांदळावरून अशी चाचपत फिरत होती, आंधळ्या माणसाच्या काठीसारखी. वहिनीने स्वतःचा हात उलटा केला. तळव्याच्या मुळाशी एक लाल ठिपका, त्याच्याभोवती निळसर. साडी जरा खाली केली, बेंबीच्या बाजूला आणखी एक. दोन वेळा मारलं होतं त्याने.

आईला काहीच कळेना. वहिनीला कळलं. नर्स ना. ती एकदम शांत झाली. तिने आईला सांगितलं, होडी बघा, दवाखान्यात जायचंय, आत्ता. आई तशीच अनवाणी पळाली. आमची वाडी खाडीच्या पलीकडे, रस्ता नाही, तरीने, म्हणजे होडीने, पलीकडे जायचं आणि मग गाडी. दादा बोटीवर, खोल समुद्रात, फोन लागायचा प्रश्नच नव्हता. घरात मी आणि ती.

तिने माझं मनगट धरलं. बोलताना जीभ जड होत होती. "प्रणिता, आमच्याकडे मण्यार चावलेली माणसं यायची. हे तसंच आहे. आधी पापण्या, मग जीभ, मग श्वास बंद पडतो. फक्त श्वास. बाकी काही होत नाही. समजलं?"

मी मान हलवली.

"नाक दाबायचं. तोंडावर तोंड ठेवायचं. छाती वर येते का बघायचं. मग पाच मोजायचे, परत फुंकायचं. तू घ्यायचास माझा श्वास." मग ती थांबली, थुंकी गिळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "कोणीही सांगितलं तरी थांबायचं नाही."

ते तिचं शेवटचं नीट वाक्य. होडीत बसेपर्यंत तिच्या पापण्या मिटल्या होत्या आणि मान माझ्या खांद्यावर पडली होती, झोपलेल्या लहान मुलाची पडते तशी.

होडी बाबलकाकाची होती. बाबलकाका आमच्या वाडीतला जुना माणूस, त्याने मशीन चालू केलं, आईने वहिनीचे पाय मांडीवर घेतले आणि तो शंख सोबत घेतला, होडीतलं पाणी काढायच्या डब्यात, कारण मी सांगितलं डॉक्टरला दाखवायला लागेल. अर्धी खाडी ओलांडली आणि वहिनीच्या नाकाखाली मी बोट धरलं. काही नाही. परत धरलं. वारा लागत होता की श्वास तेच कळेना. मग मी तिच्या पदराचा धागा तोडून धरला तिच्या नाकाजवळ. धागा वाऱ्याने उडत होता, मी हाताचा आडोसा केला, आणि धागा खाली पडला. सरळ.

मी तिला होडीच्या तळाशी आडवी केली. खाली पाणी, मासळीचे खवले. नाक दाबलं आणि फुंकलं. छाती वर आली नाही. हवा गालातून परत आली. मान मागे करायची असते, ते ती सांगायचं विसरली होती आणि मला कॉलेजच्या एनसीसीत शिकवलेलं आठवलं. मान मागे केली, फुंकलं, छाती वर आली. एक, दोन, तीन, चार, पाच. फुंकलं.

तुला वाटतं हे सिनेमातल्यासारखं असतं. नसतं गं. दहा मिनिटांत डोकं गरगरायला लागतं, हातापायाला मुंग्या येतात, आपलेच ओठ सुजतात. तिच्या तोंडात लाळ साचायची, ती बोटाने काढायची, परत फुंकायचं. आणि तिचा चेहरा, म्हणजे त्यावर काही नव्हतंच. एक पापणी वर करून बघितली तर डोळा माझ्याकडे नाही, कुठेच नाही. काच.

बाबलकाकाने बघितलं. त्याने मशीन जरा हळू केलं. म्हणाला, पोरी, पुरे आता, तिला त्रास देऊ नको. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तो वाईट माणूस नाही. आणि मग आई. आईने वहिनीच्या पायाला हात लावला, पाय गार होते, ओले होते, गार असणारच. आई म्हणाली, "सोड गो तिका. गेली ती."

मी फुंकत होते म्हणून बोलता येईना. पाच मोजताना म्हटलं, नाडी बघा. कोणी बघितली नाही. मग मीच तिच्या गळ्यावर बोटं ठेवली, फुंकलं, थांबले, आणि ती होती. नाडी होती गं. नीट चालू होती, जसं काही झालंच नाही. मी ओरडले बहुतेक. काय ओरडले माहीत नाही, पण बाबलकाकाने मशीन पूर्ण वेगात सोडलं.

पलीकडे धक्क्यावर आंतोनचा टेम्पो उभा होता, मासळीचा, बर्फाच्या खोक्यांनी अर्धा भरलेला. त्याने विचारलं काहीच नाही, खोकी बाजूला फेकली, वहिनीला मागे झोपवली. ॲम्ब्युलन्सला फोन त्याने केला, ती तालुक्याहून निघाली, वाटेत भेटेल म्हणाले. आई पुढे आंतोनच्या बाजूला बसली कारण मागे तिसऱ्याला जागा नव्हती. मागे मी आणि वहिनी. खाली बर्फाचं पाणी, वर ताडपत्री, आणि टेम्पो पळतोय.

इथपर्यंत मी सगळं खरं सांगितलंय. फक्त एक गाळलं. मघाशी मी म्हटलं ना, आईने शंख उलटा केला, माझ्याकडे बघितलं आणि ओटीत घातला. ती नुसती बघून थांबली नव्हती. तिने विचारलं होतं.

"कसलो गो ह्यो शंख? तू शिकतंस मा कॉलेजात?"

मी एफवायला होते, झूऑलॉजी. आमच्या लॅबमध्ये काचेच्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर अगदी तसाच एक होता, वाळलेला. सर म्हणाले होते, ही गोगलगाय मासे मारून खाते, तोंडातून नळी काढते आणि सुईसारखा दात मारते, दातात विष. जिवंत दिसली तर हात लावायचा नाही. माझ्या जर्नलमध्ये त्याचं चित्र होतं. चित्राला दहापैकी नऊ मार्क होते.

मी आईला म्हटलं, "साधा शंख आहे. चांगला आहे. घाल."

का म्हटलं? सांगते. आदल्या रात्री जेवताना ठरत होतं की पुढच्या वर्षी मला रत्नागिरीला हॉस्टेलला पाठवायचं. दादाने कबूल केलं होतं आधी. बोटीवर जायच्या आधी शेवटचं जेवण, मी परत विषय काढला, आणि वहिनी म्हणाली, "इतक्यात कशाला? मी एकटी पडेन ना इथे." बस्स. हसत म्हणाली, प्रेमाने म्हणाली. दादा म्हणाला बरोबर आहे, राहूदे इथेच. एका वाक्यात गेलं सगळं. मी रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आणि सकाळी तो शंख बघितला, आणि मला वाटलं, टोचूदे जरा. गांधीलमाशी चावते तसं. किंचाळेल, ओटी टाकून देईल, वाडीभर होईल की घाटावरच्या सुनेने ओटी टाकली. एवढंच वाटलं. मरेल असं नव्हतं वाटलं गं. सरांनी ते सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

आणि ती किंचाळलीच नाही. तिने ओटी टाकलीच नाही.

टेम्पोत मी तिला हे सगळं सांगितलं. मोजता मोजता. एक, दोन, मला माहीत होतं, फुंक. एक, दोन, आईने विचारलं होतं मला, फुंक. मी मुद्दाम म्हटलं साधा आहे म्हणून. फुंक. मला वाटत होतं ती निम्मी मेलीय, निदान बेशुद्ध तरी आहे, आणि कोणालातरी सांगितलं नाही तर माझा स्वतःचा श्वास बंद पडेल. रत्नागिरीचं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून पडलेलं सांगितलं. तू मेलीस तर मी कोणाला सांगणार नाही, असंही म्हटलं. ते का म्हटलं माहीत नाही, पण म्हटलं.

लोक अजून म्हणतात, काय धीराची पोर, आई सोड म्हणाली तरी सोडलं नाही. धीर कसला. त्या होडीत मी एकटीच अशी होते जिला थांबणं परवडणार नव्हतं.

ॲम्ब्युलन्स भेटली तेव्हा एक तास होऊन गेला होता. त्यांनी रबरी फुगा लावला तिच्या तोंडाला आणि मला बाजूला केलं, तरी मी मोजतच होते. पाच झाले की फुंकत होते हवेत. त्या माणसाने माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा थांबले.

दवाखान्यात नळी घातली, मशीन लावलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी विचारलं काय चावलं. आईने डबा पुढे केला. त्यांनी आत बघितलं, काही ओळखलं नाही, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोनस आहे तो. विषारी असतो. माशांना मारतो."

डॉक्टर म्हणाले, वा, तुला कसं माहीत?

मी म्हटलं, कॉलेजात आहे आमच्या. लॅबमध्ये.

आणि मग मला कळलं की आई माझ्या मागे उभी आहे. तिने ऐकलं. डब्यावर झाकण म्हणून तिने आपल्या हाताचा तळवा ठेवला होता, तो डॉक्टरांनी ओरडून काढायला लावला.

त्यांनी कुठे कुठे फोन केले, आणि आम्हाला समजावलं की यावर औषध नाही, विष उतरेपर्यंत मशीन श्वास देईल, मग ती उठेल, बहुतेक उठेलच. आणि जाता जाता म्हणाले, अगदी सहज, चांगली बातमी दिल्यासारखं, "तिच्याशी बोलत राहा. शरीर हलत नाही एवढंच. ती पूर्ण शुद्धीवर आहे, पहिल्यापासून. सगळं ऐकू येतंय तिला."

पहिल्यापासून.

मी त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी तिच्या कॉटपाशी गेले नाही. बाहेर बाकावर बसून राहिले. लोकांना वाटलं पोर दमलीय.

बोटीच्या वायरलेसवर निरोप मिळाल्यावर दादा पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी. अंगावर बोटीवरचेच कपडे, मिठाने कडक झालेले. तोपर्यंत वहिनीची बोटं हलायला लागली होती, डोळे उघडत होते, नळी अजून घशात होती. दादाने विचारलं, कुठून आला तो शंख ओटीत? वाटेत त्याला सुलूमावशीचा फोन आला होता, वाडीत बोलणं सुरू झालं होतं की सासूने डाव साधला. दीड वर्ष नको म्हणत होती, शेवटी घातलं विष ओटीत. असं.

आई म्हणाली, "मीच घातलंय. माजी चूक." आणि तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दादाचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. तो ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, तू घरी जा, आणि परत हिच्यासमोर येऊ नको. आईला. आपल्या आईला म्हणाला तो. आई उठली, पिशवी घेतली, दारापर्यंत गेली.

तेवढ्यात वहिनीने कॉटच्या दांडीवर नखाने टकटक केलं. बोटांनी लिहायची खूण केली. नर्सने पेन दिलं, कागद धरला. किती वेळ लागला तिला ते लिहायला, प्रत्येक अक्षर वेगळ्या दिशेला. दादाने वाचलं, मग मोठ्याने वाचलं.

"हा मीच उचलला. आईंचा वेगळा होता."

आई दारातच थांबली. वहिनी कागदाकडे बघत नव्हती, दादाकडेही नाही. माझ्याकडे बघत होती. त्या डोळ्यांत राग होता का, माफी होती का, की ती नुसती वाट बघत होती मी काय बोलते याची, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. पाच वर्षं झाली. त्याच वर्षी जूनमध्ये तिनेच दादाच्या मागे लागून मला इथे रत्नागिरीला पाठवलं, ट्रंकेत माझे कपडे तिने भरले, दर रविवारी फोन करते, जेवलीस का विचारते. मला घराबाहेर काढलं की माझं मागणं पुरं केलं, तेही मी विचारलेलं नाही. तिनेही कधी विषय काढला नाही. आईनेही नाही.

पण ते नंतरचं. त्या क्षणी दादाने कागद खाली केला, आईकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं, त्याचा विश्वास बसला नव्हता. मग माझ्याकडे वळला.

"प्रणिता, तू होतंस थंय. खरा काय ता सांग."

आई दारात. वहिनी कॉटवर. मशीन श्वास देतंय, आणि मी परत मोजायला लागलेली, मनात, एक, दोन, तीन. खरं सांगितलं असतं तर आई सुटली असती त्याच्या नजरेतून, आणि वहिनी खोटी पडली असती. ती मरून परत आली होती आणि तिने केलेलं पहिलं काम खोटं पडलं असतं. आणि माझं तर काय, मला दादाने कायमचं तोडलं असतं. यातलं कुठलं कारण खरं होतं ते मला सांगता येत नाही. पाच झाले.

मी म्हटलं, "वहिनीनंच उचललो तो."

दादाने डोळे मिटले. आई परत आत आली आणि कॉटच्या पायथ्याशी बसली.

आता तू सांग. तू तिथे उभी असतीस, त्या दोघी तुझ्याकडे बघत असत्या, तर तू काय केलं असतंस?